काळ्या लाखेचं पत्र

सान्ता रीता गावात तिबुर्सियाला शिव्या घालायला कुणाला कारण लागायचं नाही. पाऊस लांबला तरी तिबू, मका किडला तरी तिबू. आणि बाईही काही गरीब गाय नव्हती. एक ऐकून घ्यायची आणि दोन परत द्यायची, त्यातलं दुसरं जरा जास्तच झोंबायचं.

दोन वर्षांपूर्वी फ्रेंच पलटण खालच्या ओरिसाबा शहरातून घाट चढून वर आली, तेव्हा फ्रेंचांनी पहिल्याच दिवशी गावातलं प्रत्येक खेचर ओढून नेलं. घाटातल्या गावाचं खेचर नेणं म्हणजे माणसाचे पायच काढून नेणं. बाया रडल्या, पुरुषांनी मुठी आवळल्या आणि त्या तशाच खिशात घातल्या. आठव्या दिवशी तिबूची सहा खेचरं परत आली. बाकी कुणाचं एकही आलं नाही. तिबू विधवा, नवऱ्यामागं दहा वर्षं खेचरांवरून माल वाहण्याचा धंदा केलेली, घाटाचा दगडन् दगड ओळखणारी. कॅप्टननं तिला सांगितलं, दर सोमवारी आमचं टपाल खाली ओरिसाबाला न्यायचं आणि गुरुवारी तिकडचं वर आणायचं. नाही म्हणालीस तर खेचरंही आमची आणि तूही आमची. तिबू हो म्हणाली. त्या 'हो'ची गावानं तिला कधीच माफी दिली नाही.

"आल्या महाराणी," विहिरीवर कासिल्दा म्हणायची. ही शेजारीण, भाकऱ्या विकणारी, जिभेला हाड नसलेली. तिच्या घरची चार खेचरं गेली होती. "काय गं, आज कुणाच्या आईला फ्रान्सात निरोप?"

"तुझ्या नवऱ्यानं दुसरी ठेवलीय ना, तिला," तिबू म्हणायची आणि घागर भरायची.

पण कासिल्दाचं तिला काही वाटायचं नाही. वाटायचं ते भावाचं. मेल्क्याडेस तिचा धाकटा भाऊ, गावचा लोहार. आई गेल्यावर तिबूनंच त्याला वाढवलेला, तिच्याच पदराला नाक पुसून मोठा झालेला. तिनं टपालाची पिशवी पहिल्यांदा खेचरावर घातली त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. तिच्या खेचरांना नाल ठोकायचा, कारण जनावराचा काय दोष. पण मजुरी तिच्या हातून घ्यायचा नाही. ऐरणीवर ठेवून जा म्हणून मानेनं खुणवायचा. दोन वर्षं तिनं भावाचा आवाज ऐकला तो दुसऱ्यांशी बोलताना.

कॅप्टनचं नाव व्हिल्मो. माणूस नीटनेटका, मिशा कातरलेल्या, कधी ओरडणार नाही. ओरडणारा परवडतो. हा शांतपणे दोन ओळी लिहायचा आणि कुणाचं तरी घर जळायचं. पलीकडच्या डोंगरावरच्या ओखो दे पिएद्रा गावाच्या हद्दीत एकदा टपालाची अख्खी पिशवी लुटली गेली होती. व्हिल्मोनं कागद लिहिला, शिपाई गेले, आणि आता त्या गावात बकरी चारायलाही कुणी जात नाही.

आणि हाच माणूस आईचं पत्र आलं की लहान पोरासारखा व्हायचा. तिबू टपाल घेऊन गेली की पिशवीत हात घालून आधी तेच शोधायचा. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तिला सांगायचासुद्धा: "आई लिहिते, गाय व्याली. आई लिहिते, मी लोकर घालतो का. इथे उष्ण, पण आई म्हणते घाल!" आणि हसायचा. तिबू हसायची नाही. तुझ्या आईची गाय व्याली, आमची खेचरं तुमच्या तोफा ओढून मेली, असं मनात म्हणायची आणि रिकामी पिशवी उचलायची.

जुलैमध्ये मेल्क्याडेसला धरलं. डोंगरात फ्रेंचांशी लढणारे रिपब्लिकचे घोडेस्वार होते, त्यांचा एक घोडा मारला गेला, आणि त्याच्या नालेला सातच खिळे. अख्ख्या घाटात सात खिळ्यांवर नाल बसवणारा लोहार एकच, आणि ह्याचा त्याला मोठा गर्व. आठवा खिळा मारतो तो नवशिका, असं सगळ्या बाजाराला ऐकवायचा. फ्रेंचांना शोधायलाही लागलं नाही. त्याला चर्चच्या धान्याच्या कोठारात कोंडलं.

तिबू तडक कॅप्टनकडे गेली.

"मादाम तिबू," तो म्हणाला, "मी सैनिक. मी ओरिसाबाला लिहिलं. उत्तर म्हणेल गोळी, तर गोळी. म्हणेल सोडा, तर सोडतो."

"आणि उत्तर आलंच नाही तर?"

"येणार. नेहमी येतं. तुम्हीच आणता."

"समजा, नाही आलं."

त्यानं खांदे उडवले. "शनिवारी गाड्यांचा काफिला खाली जातो. गुरुवारी उत्तर नसेल तर कैदी काफिल्याबरोबर जाईल. इथे कोठारात नुसते उंदीर."

तिबू बाहेर आली ती वेगळीच बाई होऊन. काफिला खाली जाणार म्हणजे धुक्याच्या वळणावरून जाणार. तिथं दिवसाढवळ्या पुढच्या गाडीला मागची दिसत नाही, आणि त्या दरीतली पायवाट मेल्क्याडेसला डोळे मिटून ठाऊक. धंद्यातले तिचे तीन जुने सोबती गाड्या हाकायला होते. शनिवारपर्यंत भाऊ जिवंत राहिला की तो सुटलाच. मधे आडवा होता तो एकच कागद, आणि तो कागद तिच्याच खेचराच्या पाठाळावरून, त्या गवत भरलेल्या खोगिरावरून, वर यायचा होता.

अख्खी पिशवी हरवली तर सान्ता रीताचं ओखो दे पिएद्रा होईल, हे तिला कळत होतं. एक पत्र हरवणं वेगळं. एक पत्र समुद्रातही पडतं, ओरिसाबाच्या कचेरीतही राहतं. पण कुठलं पत्र? बाईला अक्षर येत नव्हतं, आपलंही नाही आणि त्यांचंही नाही.

अक्षर येत नव्हतं, पण डोळे होते. दोन वर्षं टपाल वाहून तिनं आपला एक हिशोब बसवला होता. लाल लाखेची पत्रं दर खेपेला ढीगभर यायची, आणि त्यांनी काही व्हायचं नाही. पीठ पाठवा, बूट पाठवा, असलंच असणार. काळ्या लाखेचं मात्र दोन वर्षांत एकदाच आलं होतं, पलटणीतल्या लेफ्टनंटच्या नावे. तो वाचून पांढराफटक पडला, आणि दुसऱ्याच दिवशी एका पळपुट्या शिपायाला भिंतीशी उभं करून उडवलं. तिबूनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मेल्यावर आमच्याकडे दाराला काय बांधतात? काळं फडकं. पाद्री काय घालतो? काळं. मग मरणाचा हुकूम लाल असेल का? तुम्हीच सांगा. तिच्या जागी मीही तेच धरलं असतं.

गुरुवारी ओरिसाबाच्या कचेरीत पिशवी तिच्या हवाली झाली. बरोबर नेहमीचे दोन घोडेस्वार. अर्धा घाट चढून झाल्यावर ती थांबली. ह्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण थांबावंच लागतं. खेचर मोठं लबाड जनावर. पट्टा आवळताना पोट फुगवून धरतं आणि अर्ध्या वाटेवर सोडून देतं. तिथं पुन्हा आवळला नाही तर ओझं दरीत. घोडेस्वार दगडावर बसून विडी ओढू लागले. तिबूनं खेचराच्या डोळ्यांवर चामड्याची झापड ओढली, पलीकडच्या अंगाला गेली, गुडघा त्याच्या बरगडीला लावला, एका हातानं पट्टा खेचला आणि दुसरा हात पिशवीत घातला.

सान्ता रीताचा गठ्ठा वरच होता. लाल, लाल, बिनलाखेचं, लाल. आणि मधे एक काळं.

म्हणजे हुकूम आलाच. तिनं ते ओढून काढलं, पाठाळाच्या शिवणीतून आतल्या गवतात खुपसलं आणि खेचराला एक सणसणीत शिवी हासडली, उगाचच, घोडेस्वारांना ऐकू जावी म्हणून.

"झालं का, आजी?" एकानं विचारलं.

"आजी तुझी आई," तिबू म्हणाली. "चल, ऊठ."

कॅप्टननं गठ्ठा सोडला. "आईचं नाही?"

"मी काय पत्रं लिहिते का? आहे ते आणते."

त्यानं एक लाल फोडलं, वाचलं, घडी घातली आणि दौतीखाली ठेवलं. मग दुसरं फोडलं. तिबू दारातच उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. तिला वाटलं, मेल्याला उत्तर मिळालं नाही, म्हणून फुरंगटलाय. पायऱ्या उतरताना तिला हसू आवरेना.

संध्याकाळी ती घेवड्याची उसळ, मिरची आणि गरम भाकऱ्या घेऊन कोठाराकडे गेली. आधी दर वेळी मेल्क्याडेसनं तिची टोपली लाथेनं परत ढकलली होती. पहारेकऱ्याला तिनं पुल्के दारूचं मडकं दिलं आणि जाळीला तोंड लावलं.

"तुझा कागद मी काढून घेतला," ती कुजबुजली. "कॅप्टनला मिळालाच नाही. शनिवारी तुला गाडीत घालतील. धुक्याच्या वळणावर गाडीवानाच्या खोकल्याचा आवाज आला की उजवीकडे उडी मार. कळलं?"

दोन वर्षांनी पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला.

"तू? फ्रेंचांची टपालवाली?"

"मीच. दुसरी कोण आहे तुला?"

"अगं तिबू," तो म्हणाला आणि हसायलाच लागला, "आणि मी तुला गावभर काय काय म्हणून ठेवलंय!"

"ऐकलंय सगळं. कासिल्दा पोचवायची. बाहेर ये, मग एकेकाची किंमत वसूल करते. आधी जेव."

तो जेवला. सगळ्या भाकऱ्या संपवल्या, बोटं चाटली, मिरची कमी आहे म्हणून नावंसुद्धा ठेवली. तिबू जाळीबाहेर बसून त्याच्या चावण्याचा आवाज ऐकत राहिली. इतकं सुख तिला नवरा जिवंत असतानाही कधी झालं नव्हतं, असं ती पुढं सांगायची.

शुक्रवारी सकाळी ती खेचरांना मका घालत होती. चर्चच्या मागून आवाज आला. एकदमच आला, बारा बंदुकांचा. तिच्या हातातली टोपली तशीच राहिली. ती धावली तोवर त्याला भिंतीपासून ओढून बाजूला घेत होते. कॅप्टन तिथंच होता.

"हुकूम होता, मादाम," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं."

तिला काही उमगेना. हुकूम तर तिच्या पाठाळात होता.

भावाला पुरलं आणि ती सरळ मास्तरकडे गेली. मास्तर इलारियोन, शाळा बंद पडलेला, भित्रा, पण पुस्तकांवरून फ्रेंच शिकलेला गावातला एकटाच माणूस. तिनं दार आतून लावलं आणि पत्र त्याच्यासमोर आपटलं.

"हे कुठून आणलंत, तिबूबाई? मला गोळी घालतील हो!"

"वाच. नाहीतर मीच घालते."

मास्तरनं लाख फोडली. वाचलं. पुन्हा वाचलं.

"ह्यात मेल्क्याडेसचं नाव नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. हे कॅप्टनच्या गावच्या पाद्र्याचं पत्र आहे, त्याला. त्याची आई मेली. मे महिन्यात, चुलीपाशी खुर्चीत बसल्या बसल्या. शेवटपर्यंत विचारत होती, पोराचं टपाल आलं का. घराची किल्ली पाद्र्याकडे आहे, गाय शेजाऱ्यांनी नेली." मास्तरनं चष्मा काढला. "त्यांच्याकडे घरात मयत झालं की पत्राला काळी लाख लावतात, तिबूबाई. सरकारी हुकूम तांबड्या लाखेनंच येतात. सगळे."

"मग तो लेफ्टनंट? तो पळपुटा शिपाई?"

"त्याच्याही घरी कुणी गेलं असेल. शिपायाचा त्याच्याशी काय संबंध?"

तिबू खाली बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे हुकूम त्या गठ्ठ्यात होता."

मास्तरनं पत्राची घडी घातली.

"म्हणजे तो मीच वर आणला. मीच त्याच्या हातात दिला."

मास्तरनं हो म्हटलं. भित्री माणसं नको तिथं खरं बोलतात.

गावाला सगळं कळायला दोन दिवसही लागले नाहीत. म्हणजे अर्धं कळलं. "सख्ख्या भावाच्या मरणाचा कागद पाठीवर वाहून आणला हो!" कासिल्दा विहिरीवर म्हणाली. तिबूनं ह्या वेळी दोन परत दिल्या नाहीत. एकही दिली नाही. खोटं काय होतं त्यात?

तिनं टपाल सोडलं मात्र नाही. सगळ्यांना वाटलं, निर्लज्ज आहे. पुढच्या सोमवारी ती कॅप्टनच्या वाड्यावर गेली तेव्हा त्यानं तिच्या हातात पत्र दिलं. "आईला," तो म्हणाला. आणि गुरुवारी विचारलं, "आईचं?"

"नाही," तिबू म्हणाली. त्याचं तोंड उतरलेलं तिनं पाहिलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा तिला जेवण गोड लागलं.

मग तेच चालू झालं. दर सोमवारी तो मेलेल्या बाईला पत्र लिहायचा. तिबू ते पावसात मेणकापडात गुंडाळून न्यायची, भिजू द्यायची नाही. दर गुरुवारी तो विचारायचा आणि ती नाही म्हणायची. तो वाळत चालला. समुद्रात वादळं असतील, असं आपणच आपल्याला सांगायचा. मास्तर तिच्या पाया पडायला आला. "द्या ते पत्र त्याला, तिबूबाई. वैरी झाला तरी आईच्या मरणाची खबर दाबून ठेवणं पाप आहे."

"मेल्क्याडेसला आई नव्हती. मीच होते," तिबू म्हणाली. "पाप माझं, तू कशाला भितोस?"

नोव्हेंबरात दुसरं काळं आलं. त्याच पाद्र्याचं अक्षर, पहिलं पत्र रोज बघून तिच्या डोळ्यांत बसलेलं. पहिल्या वेळी ती चुकली होती. ह्या वेळी तिला नेमकं ठाऊक होतं काय लपवतेय ते. पट्टा आवळायला थांबली आणि तेही गवतात खुपसलं.

फेब्रुवारीत फ्रेंच निघाले. त्यांच्या राजानं पलटणी परत बोलावल्या होत्या. सगळं गाव चौकात उभं राहिलं, कुणी थुंकत होतं, कुणी नुसतं बघत होतं. व्हिल्मो घोड्यावर बसला होता, कित्येक महिन्यांनी मिशा पुन्हा नीट कातरलेल्या. तिबूला पाहून त्यानं घोडा थांबवला.

"मादाम तिबू! तुम्ही कधी टपाल चुकवलं नाही. मी घरी जातो. आईला तुमच्याविषयी सांगणार."

तिबूनं पदराखालून दोन्ही पत्रं काढली. "तुमचं टपाल राहिलं होतं."

काळी लाख दिसली तसं त्याचं तोंड पडलं. पहिलं फोडलेलं होतं. त्यानं वाचलं, मग वरची तारीख पाहिली.

"हे केव्हा आलं?"

"माझ्या भावाला उडवलंत, त्याच्या आदल्या दिवशी."

"मी... मी तिला पत्रं लिहिली."

"तीस लिहिलीत. सगळी पोचवली. एकही भिजवलं नाही."

त्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. कासिल्दा मागून किंचाळली. तिबू हलली नाही. घालायची तर घाल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. कर्णा वाजला, रांग पुढं सरकली, मागचे घोडे त्याच्या घोड्याला ढकलायला लागले. त्यानं पत्रं छातीशी धरली आणि तो निघाला. वळणापर्यंत त्याचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले.

गावात एकच आरडाओरडा झाला. जी माणसं अडीच वर्षं तिच्या सावलीला थुंकत होती, तीच तिच्या पाठीवर थापा मारायला लागली. कुणीतरी पुल्के आणली. कासिल्दा तर गळ्यातच पडली. "बाई, बाई, कसला सूड घेतलास! मेल्क्याडेसच्या आत्म्याला शांती मिळाली बघ."

"हात काढ," तिबू म्हणाली.

"अगं, पण काय झालं? त्याला रडवलंस की!"

"रडवलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन." तिनं कासिल्दाचा हात स्वतःच्याच हातानं खांद्यावरून उतरवला. "पण त्याचं पत्र मी सात महिने अडवून धरू शकले, कासिल्दा. एकदा सोडून दोनदा. माझ्या भावाचं तेवढं एका दिवसात नेऊन दिलं."

तिबू खेचरांना घेऊन घरी गेली, कारण त्यांना पाणी पाजायचं राहिलं होतं.